कॅन्सर तपासणीचं डिजिटल उपकरण आणि बायरॅकची ग्रँट: पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

बायरॅक ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची कंपनी. तिची ‘बिग’, म्हणजे बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट, २०१२ पासून चालू आहे. जास्तीत जास्त ५० लाख रुपये आणि मुदत जास्तीत जास्त १८ महिने. पैसे परत करायचे नसतात, कंपनीतला हिस्सा द्यावा लागत नाही आणि पेटंट तुमच्याकडेच राहतं. एवढं ऐकून लोक थेट फॉर्म उघडतात. तसं करू नका. या लेखातला निम्मा भाग फॉर्म उघडायच्या आधी काय करायचं याबद्दल आहे, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात.

हा लेख तोंडाच्या, स्तनाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लवकर तपासणी करणारं काहीतरी डिजिटल बनवू पाहणाऱ्यांसाठी आहे. मोबाइलला जोडायचा कॅमेरा असेल, फोटो वाचणारं सॉफ्टवेअर असेल किंवा तपासणीनंतर रुग्ण हरवू नये म्हणून पाठपुरावा करणारी प्रणाली असेल. तुम्ही पुण्यातली तीन जणांची कंपनी असाल, कोल्हापूरच्या एखाद्या डॉक्टर असाल किंवा नाशिकचे इंजिनिअर असाल, वाट सारखीच आहे.

पहिली पायरी: अ‍ॅप बाजूला ठेवा, प्रश्न लिहा

ग्रँट अ‍ॅप बनवायला मिळत नाही. ज्याचं उत्तर आज कुणाकडे नाही आणि १८ महिन्यांत मिळू शकतं, अशा एखाद्या प्रश्नासाठी ती मिळते. ‘एआयवर आधारित सर्वंकष कॅन्सर प्लॅटफॉर्म’ हा प्रश्न नव्हे. ‘मिश्रीने काळे पडलेले दात आणि हिरड्या असलेल्या तोंडाच्या फोटोत पांढरा चट्टा आमचं सॉफ्टवेअर दंतवैद्याइतकाच ओळखतं का?’ हा प्रश्न आहे. त्याला हो किंवा नाही असं उत्तर येतं, आणि मिश्री लावणाऱ्या बायकांची तोंडं परदेशातल्या फोटोंच्या संग्रहात सापडणार नाहीत हे अर्ज तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या पॅनेललाही समजतं.

प्रश्न शोधायला लॅपटॉप बंद करून उपकेंद्रावर जा. राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीच्या पुढच्या सगळ्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरसाठी तपासणी करायची आहे. आशाताई घरोघरी सीबॅकचा, म्हणजे आजाराचा धोका जोखणाऱ्या प्रश्नावलीचा, फॉर्म भरतात, एएनएम म्हणजे उपकेंद्रावरच्या परिचारिका आणि समुदाय आरोग्य अधिकारी तपासतात, संशय आला की पुढे पाठवतात. कागदावर साखळी पूर्ण आहे. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या फक्त १.९ टक्के होत्या. स्तन आणि तोंड यांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खाली होतं. साखळी कुठे तुटते हे फॉर्म भरणाऱ्या बाईंना विचारा. कुठे खोलीला पडदा नसतो, कुठे टॉर्चचे सेल संपलेले असतात, कुठे पुढे पाठवलेली बाई तालुक्याला पोहोचतच नाही. यातली कोणती अडचण तुमच्या यंत्राने सुटते आणि कोणती नुसत्या पडद्याने सुटेल, हे आधी वेगळं करा.

दुसरी पायरी: तुमचा खरा स्पर्धक ओळखा

नवखे अर्जदार स्पर्धकांच्या तक्त्यात दोन अमेरिकन आणि एक बंगळुरूची कंपनी लिहितात. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तुमचा खरा स्पर्धक कापूस, पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड आणि दिवा आहे. टाटा मेमोरियलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षण दिलेल्या प्राथमिक आरोग्यसेविकांनी हीच साधी पद्धत वापरली. तिला व्हीआयए म्हणतात. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला.

दुसरा अभ्यास आपल्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातला. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी तो केला. सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूच्या चाचणीने, बळावलेल्या कॅन्सरचं आणि मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हा अभ्यास २००९ साली छापून आला आणि जगभरच्या तपासणीच्या धोरणांमध्ये त्याचा आधार घेतला जातो. कॅन्सर तपासणीसाठी अर्ज करणाऱ्या मराठी माणसाला बार्शी माहीत नसेल तर पॅनेलसमोर ते उघडं पडतंच.

स्तनाच्या बाबतीत चित्र थोडं गुंतागुंतीचं आहे. मुंबईतल्याच अभ्यासात हाताने स्तन तपासणीचा फायदा मुख्यतः पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये दिसला. तिथे मृत्यू जवळपास ३० टक्के घटले. तेव्हा तुमचं उपकरण तिशीतल्या बायकांसाठी आहे असं लिहिणार असाल तर कारणही द्यावं लागेल.

तिसरी पायरी: अचूकतेचं गणित कागदावर करा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात, म्हणून इथे जरा थांबतो. ‘आमची अचूकता ९० टक्के’ हे वाक्य ऐकायला छान वाटतं. आता एक काल्पनिक तालुका घ्या. १०,००० बायका तपासल्या, त्यातल्या २० जणींना खरोखर आजार आहे. तुमचं उपकरण आजारी बायकांपैकी ९० टक्के ओळखतं, म्हणजे १८ सापडल्या, दोन सुटल्या. निरोगी बायकांपैकी ९० टक्क्यांना ते बरोबर निरोगी म्हणतं. उरलेल्या ९,९८० पैकी १० टक्के म्हणजे ९९८ जणींना ते उगाच संशयित ठरवतं. एकूण १,०१६ जणींना जिल्ह्याला पाठवायचं, त्यातल्या १८ जणींना आजार. बाकी प्रत्येकीची एक दिवसाची मजुरी, एसटीचं भाडं आणि घरातल्यांचे प्रश्न. जिल्हा रुग्णालयात तपासायला डॉक्टर किती, हा आणखी वेगळा विषय.

हे गणित तुम्हीच अर्जात मांडा आणि त्यावर काय करणार ते लिहा. दोन टप्प्यांची तपासणी करणार का? निरोगींना निरोगी म्हणण्याची क्षमता वाढवायला थोडे रुग्ण सुटणं परवडेल का? पॅनेलवरचा डॉक्टर हा प्रश्न विचारणारच आहे. त्याच्या आधी तुम्ही विचारलेला बरा.

याच गणिताची दुसरी बाजू म्हणजे नमुन्याचा आकार. ५० पक्के रुग्ण तपासून ४५ ओळखले, तरी खरी क्षमता साधारण ७८ ते ९६ टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकते. आणि हे ५० रुग्ण गावोगाव फिरून १८ महिन्यांत मिळणार नाहीत. म्हणून पहिली चाचणी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, आधीच संशय आलेल्या रुग्णांवर करायची. मात्र तिथले आकडे गावात जसेच्या तसे लागू होत नाहीत, हेही अर्जात स्पष्ट लिहायचं. ही कबुली दिल्याने गुण कमी होत नाहीत, उलट वाढतात असं मला वाटतं.

चौथी पायरी: डॉक्टर जोडीदार, आणि तोही वेळेवर

सल्लागार म्हणून नाव देणारा डॉक्टर आणि स्वतःच्या ओपीडीत तुमचा अभ्यास चालवणारा डॉक्टर यात फार फरक आहे. तुम्हाला दुसरा हवा. त्याच्याकडून पत्र घ्या आणि पत्रात मोजमाप असू द्या: महिन्याला अमुक इतके रुग्ण येतात, त्यातल्या इतक्यांची बायोप्सी होते, आमच्या एथिक्स कमिटीकडे (रुग्णांवरच्या अभ्यासाला मंजुरी देणाऱ्या समितीकडे) प्रस्ताव मी मांडेन. ‘या स्तुत्य उपक्रमास शुभेच्छा’ असं पत्र न जोडलेलं बरं.

मोठ्या संस्थांमध्ये दार शोधत असाल तर दोन ठिकाणं लक्षात ठेवा. नॅशनल कॅन्सर ग्रिड हे २०१२ साली सुरू झालेलं देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं आहे आणि डिजिटल कामासाठी त्याचं कोइता सेंटर फॉर डिजिटल ऑन्कोलॉजी आहे. उपकरण बनवण्याच्या बाजूने आयआयटी मुंबईचं बेटिक पाहा. ते २०१४ साली राज्याच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या मदतीने उभं राहिलं आणि डॉक्टर-इंजिनिअर एकत्र बसवण्याचंच काम करतं. पण तालुक्याच्या ठिकाणचं चांगलं ट्रस्टचं रुग्णालयही चालतं. एथिक्स कमिटी नोंदणीकृत आहे ना, एवढं आधी बघा.

पाचवी पायरी: कोणती ग्रँट आधी, कोणती नंतर

क्रम चुकला की दार बंद होतं, आणि हे सहसा कुणी सांगत नाही.

हातात अजून काहीच नसेल आणि कल्पना वस्तूची असेल, तर विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची निधी-प्रयास योजना बघा. पहिला नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. ती वस्तूसाठी आहे, निव्वळ सॉफ्टवेअर किंवा अ‍ॅप तिथे चालत नाही.

स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ ची. तिथे प्रयोग सिद्ध करायला २० लाखांपर्यंत अनुदान असतं आणि निवड इन्क्युबेटर, म्हणजे नव्या कंपन्यांना जागा आणि मार्गदर्शन देणाऱ्या संस्था, करतात. अट अशी की अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी नसावी आणि इतर सरकारी योजनांतून १० लाखांपेक्षा जास्त रक्कम घेतलेली नसावी. म्हणजे आधी ‘बिग’चे ५० लाख घेतले की हे दार गेलं. दोन्ही हवं असेल तर कोणती खिडकी सध्या उघडी आहे ते इन्क्युबेटरला फोन करून विचारा आणि मगच क्रम ठरवा.

‘बिग’साठी साधारणपणे वर्षातून दोनदा, १ जानेवारी आणि १ जुलैला, अर्ज मागवले जातात आणि खिडकी सुमारे दीड महिना उघडी असते. जुलैत अर्ज करायचा तर डॉक्टरांचं पत्र मार्चमध्ये हातात हवं. योजना राबवणाऱ्या भागीदार संस्थांमध्ये पुण्यात पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या (एनसीएल) आवारातलं व्हेंचर सेंटर आहे. अर्जापूर्वी भागीदार संस्था मार्गदर्शनाची सत्रं घेतात. त्यांना जा, आणि सगळ्यांसमोर विचारायला लाजू नका.

सहावी पायरी: कंपनीचे कागद

हे कंटाळवाणं आहे पण थोडक्यात उरकतं. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी. किमान ५१ टक्के मालकी भारतीय नागरिकांकडे. अमेरिकेतला भाऊ पैसे घालणार असेल आणि त्याच्याकडे आता ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल, तर तो भारतीय नागरिक धरला जात नाही. हिशेब त्याप्रमाणे करा. स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर मान्यताप्राप्त इन्क्युबेटरमध्ये जागा घ्या. व्यक्ती म्हणून अर्ज केला तरी पैसे घ्यायच्या वेळी हा आधार लागतोच. डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग विभागाची स्टार्टअप मान्यता आणि उद्यम नोंदणी दोन्ही ऑनलाइन होतात, सरकारी शुल्क नाही. त्यासाठी एजंटला हजारो रुपये देऊ नका.

सातवी पायरी: तुमचं सॉफ्टवेअर ‘वैद्यकीय उपकरण’ आहे का?

बहुधा आहे. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे, आणि १ एप्रिल २०२० पासून निदानासाठी वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही त्या कक्षेत येतं. तपासणीच्या तारखेची आठवण करणारी प्रणाली बाहेर राहू शकते. फोटो बघून ‘संशयित’ म्हणणारी राहू शकत नाही. चाचणीपुरतं उपकरण बनवायलाही परवाना लागतो, आणि ज्याच्यासारखं दुसरं उपकरण बाजारात नाही त्याच्या क्लिनिकल तपासणीला सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामक संस्थेची वेगळी परवानगी. अर्जात याला किमान एक परिच्छेद द्या. अभ्यासाची नोंद सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत पहिला रुग्ण घेण्याआधी करायची असते, नंतर नाही.

दोन खास सूचना. तुमच्या उपकरणात अल्ट्रासाउंड असेल, अगदी स्तनासाठी हातात धरायचं असलं तरी, गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्याखालची नोंदणी आणि बंधनं आड येतात. महाराष्ट्रात हे फार काटेकोरपणे पाळलं जातं आणि यंत्र गावोगाव फिरवायची कल्पना तिथेच अडकू शकते. क्ष-किरण असतील तर अणुऊर्जा नियामक मंडळ. प्रकाश, कॅमेरा, तापमान यांवर चालणाऱ्या उपकरणांना या दोन्ही कटकटी नाहीत.

रुग्णांच्या माहितीबद्दल २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि त्याच वर्षीची आरोग्यातल्या एआयबद्दलची आयसीएमआरची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा. ‘सदर माहितीचा विनियोग’ असलं काही नको. ते आशाताईंना मोठ्याने वाचून दाखवा. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

आठवी पायरी: अर्ज लिहिणं

कामाचे टप्पे असे लिहा की बाहेरच्या माणसाला ‘झालं’ किंवा ‘नाही झालं’ सांगता यावं. ‘अल्गोरिदममध्ये सुधारणा’ हा टप्पा होत नाही. ‘सहाव्या महिन्याअखेर दोन रुग्णालयांतले, बायोप्सीचा अहवाल असलेले ३०० फोटो जमा’ हा टप्पा आहे. एथिक्स मंजुरीला काही महिने जातात. तिला स्वतंत्र टप्पा द्या आणि त्या काळात चालणारं तांत्रिक काम शेजारी मांडा. हप्ते टप्प्यांना बांधलेले असतात, त्यामुळे इथे मारलेली बढाई पुढे तुमच्याच पगाराच्या आड येते.

बजेटमध्ये लॅपटॉप, फर्निचर, प्रवास फुगवू नका. क्लिनिकल अभ्यासाचा खर्च मात्र लोक हमखास कमी धरतात: रुग्णालयात बसणारा समन्वयक, रुग्णांचा प्रवासखर्च, विमा, बायोप्सी वाचणाऱ्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मानधन, संख्याशास्त्रज्ञ. एवढं धरल्यावर ५० लाख फार मोठे वाटत नाहीत. मग प्रश्न आणखी लहान करा.

पेटंटचा शोध स्वतः घ्या, निदान प्राथमिक. व्हेंचर सेंटरसारख्या ठिकाणी त्यासाठी मदतही मिळते. आणि अर्ज एआयकडून लिहून घेतला असेल तर तो एकदा माणसासारखा परत लिहा. पॅनेलच्या टेबलावर एकसारख्या भाषेचे बरेच कागद पडलेले असतात.

नववी पायरी: पॅनेलसमोर

छाननीत टिकलात तर तज्ज्ञांपुढे सादरीकरण असतं. वेळ थोडा असतो. कॅन्सर किती भयंकर आहे यावर स्लाइड घालवू नका, समोरच्यांना ते माहीत आहे. थेट उपकरण दाखवा. तीन प्रश्नांची तयारी हवी. व्हीआयए किंवा साध्या डोळ्यांच्या तपासणीपेक्षा हे काय जास्त देतं? ‘संशयित’ आलेल्या बाईचं पुढे काय होतं, तिला कोण कुठे पाठवतं? आणि तुम्ही पूर्णवेळ यात आहात का? तिसऱ्या प्रश्नाला ‘ग्रँट मिळाली की नोकरी सोडू’ हे उत्तर बरेच जण देतात. त्यावर फारसा कुणी भाळत नाही.

नकार आला तर शेरे मागवून घ्या आणि पुढच्या फेरीत परत या. परत येताना आधीच्या शेऱ्यांना काय उत्तर दिलं, ते पहिल्या पानावर सांगा.

दहावी पायरी: पैसे आल्यावर

ग्रँटसाठी वेगळं नो-लिअन बँक खातं, म्हणजे ज्यातल्या पैशांवर बँक आपल्या थकबाकीसाठी हक्क सांगू शकत नाही असं खातं, लागतं. पगाराचं, भाड्याचं आणि ग्रँटचं एकाच खात्यात मिसळलं की वर्षअखेरीला सीए तुमचं डोकं खाईल, आणि ते योग्यच असेल. प्रत्येक खरेदीची कोटेशनं ठेवा. खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र सीएच्या सहीने द्यावं लागतं. ते वेळेत गेलं नाही की पुढचा हप्ता अडतो. सरकारी अनुदान प्राप्तिकराच्या दृष्टीने उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, हे पहिल्या दिवशीच सीएला विचारून घ्या. शेवटचा हप्ता सहसा काम आणि अहवाल पूर्ण झाल्यावर येतो. तोवर एक-दोन महिन्यांचे पगार भागतील एवढे पैसे बाजूला असू द्या.

टप्पा हुकणार असं दिसलं की भागीदार संस्थेला आधी कळवा. मुदतवाढ कारण देऊन मागता येते. मुदत संपल्यावर मागितलेली फार अवघड जाते.

अठरा महिन्यांनंतर

हातात उत्तर असेल तर पुढची मोठी मदत बायरॅककडेच आहे. २००५ सालापासूनची एसबीआयआरआय ही छोट्या कंपन्यांच्या संशोधनासाठीची योजना त्यासाठीच. राज्य पातळीवर महाराष्ट्र राज्य नावीन्यता सोसायटीचा स्टार्टअप सप्ताह आहे. त्यात निवडलेल्या कंपन्यांना सरकारी खात्यात आपलं उत्पादन लावून दाखवण्यासाठी कार्यादेश मिळतो. ज्या कंपनीला जिल्हा परिषदेचं दार कुणी उघडत नव्हतं, तिच्यासाठी हा आदेश रोख रकमेपेक्षा मोलाचा ठरतो.

खरेदीच्या निविदांमध्ये मान्यताप्राप्त स्टार्टअपला आधीच्या उलाढालीची आणि अनुभवाची अट शिथिल करता येते. गुणवत्तेची अट शिथिल होत नाही. म्हणून परवान्याची आणि आयएसओ १३४८५ या वैद्यकीय उपकरणांच्या गुणवत्ता मानकाची फाइल ग्रँटच्या पहिल्या महिन्यातच उघडा, आणि कोणी, कधी, काय बदललं त्याची नोंद तारखेसह त्यात ठेवत जा.